माळकऱ्याच्या पोटात कुठले जंत

विमल,

तुझ्या तेरवीला मी तुझ्या घरी जेवले नाही. ओसरीच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी बसले आणि पाणीही न पिता उठून आले. मला कोणी हाकललं नाही, तशी गरजच पडली नाही. तुझ्या सासूबाई आतून, मला नीट ऐकू जाईल अशा बेताने, एका पाहुणीला सांगत होत्या, "कोणाकोणाच्या घरी जेवत होती ते. मंग असं नाही होईन तं काय होईन?" पाहुणीने माझ्याकडे बघून पदर सावरला. तुझे यजमान, आमचे भाऊजी, मांडवात उभे होते, त्यांनीही ऐकलं. ते वाढप्यांना भात आणायला सांगत राहिले.

सौंसरात आता हे असंच ठरलं आहे. विमलच्या डोक्यात डुकराचा किडा गेला, कारण विमल शोभा मास्तरणीच्या घरी जेवायची, आणि शोभा मास्तरीण बौद्धांच्या वस्तीत राहते. मी चौथीच्या पोरांना गणित शिकवते. असलं उत्तर एखाद्या पोराने लिहून आणलं असतं तर मी त्याला वर्गासमोर उभं करून पायऱ्या विचारल्या असत्या. इथे मीच उभी आहे आणि पायऱ्या मला कोणी विचारत नाही.

आणि मला तर उत्तर माहीत आहे! तो किडा कुणाच्या पोटातून तुझ्या डोक्यात गेला हे तू स्वतः मला सांगितलंस. सांगितलंस आणि वरून तुझ्या पल्लवीची आन घातलीस, की हे माझ्या तोंडून निघायचं नाही. तू सुटलीस. मी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते आहे. तेव्हा माफ कर, पण हे मी तुझ्याशी भांडायलाच लिहिते आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं.

लोधीखेड्याच्या शाळेत तू माझ्या पुढच्या रांगेत बसायचीस. मधल्या सुट्टीत आपण कुणाच्याही वावरात शिरायचो. तू मुळा उपटायचीस, दोनदा झटकायचीस, फ्रॉकला पुसायचीस आणि मोडून अर्धा माझ्या हातात द्यायचीस. मी म्हणायची, धू ना गं. तू म्हणायचीस, "मातीले काय होते? माती का कोणाले खाते?" पुढे मी मास्तरीण झाले, तू बागाइतदारीण झालीस, पण मुळा पुसून खायची तुझी खोड गेली नाही. भरिताबरोबर पातीचा कांदासुद्धा तू धुरोळ्यासकट खायचीस. आपण दोघी लग्न होऊन सौंसरातच पडलो, यासारखं सुख नाही असं मला वाटायचं. तुझ्या सासरच्यांना तसं वाटत नव्हतं, पण तू कुणाला विचारलंस कधी?

तू माळकरी घरची सून. माझ्या घरी आठवड्यातून एकदा अंडी, सणाला कोंबडी. डुक्कर आमच्या चुलीवर कधी चढलं नाही. माझी आई तर मासोळीच्या वासानेही घराबाहेर जाऊन बसायची. तरी तू येणार म्हटल्यावर मी एक वेगळी गंजी काढून ठेवली होती, तुझ्यापुरती. पहिल्या खेपेला ते तुझ्या ध्यानात आलं आणि तू अशी भडकलीस! "मी का देव आहो का, माह्यासाठी वेगळं भांडं काढून राहिली?" म्हणालीस आणि आमच्या रोजच्याच गंजीतून अंबाडीची भाजी स्वतः वाढून घेतलीस. मी मागे वळून कांदा चिरायला लागले, कारण डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी निमित्त हवं होतं. विमल, त्या एका जेवणासाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. आणि आज गाव त्याच जेवणाचं विष करून मला पाजतं आहे.

शाळेत जंताच्या गोळ्यांचा दिवस आला की तू न बोलावता यायचीस. पदरात संत्री. पोरं गोळी गालात लपवायची, तू तोंडात बोट घालून बघायचीस आणि चघळून गिळली की एक फोड द्यायचीस. ती दुसरीतली पांढरीफटक मुलगी आठवते? भिंतीची माती खरवडून खायची, पायऱ्या चढताना धापा टाकायची. तिची आई म्हणे पोरगी आळशी आहे. मी तुला सांगितलं होतं, हे अंकुशकृमी असतात, अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्त कमी झालं की माणसाला माती खावीशी वाटते. तिला मी दवाखान्यात पाठवलं, जंताची गोळी झाली, रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या वर्षी ती खो-खोत धावत होती. तू मला चिडवायचीस, "मास्तरीण कायची, जंतवाली झाली तू!" पण तुझ्या बागेतल्या मजुरांना तूच भाऊजींच्या मागे लागून चपला घ्यायला लावल्यास. झाडाखाली ओली सावली, तिथेच लोक शौचाला बसणार आणि तिथेच अनवाणी संत्री तोडणार, हे तुला एकदा सांगून कळलं होतं.

मग तुझी पल्लवीच खाजवायला लागली. पहिलीत होती, आणि तेव्हा पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. रात्रभर चुळबुळ, झोपेत दात खाणं, चिडचिड. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, गूळ खाते म्हणून. तू तिला कारल्याचा रस पाजलास, पोरगी बिचारी ओकली. मी येऊन बघितलं, दोऱ्यासारखे बारीक पांढरे किरम होते. मी म्हटलं, एकट्या पोरीला औषध देऊन भागायचं नाही. एकाच्या नखातून दुसऱ्याच्या तोंडात जातात ते. डॉक्टरला विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या, दोन आठवड्यांनी परत घ्या, नखं कापा, चादरी उकळत्या पाण्यात टाका. तू घेतलीस, कुरकुर करत सासूबाईंनीही घेतली. भाऊजींनी मात्र गळ्यातली माळ बोटाने वर उचलून मला दाखवली आणि हसले. "मास्तरीणबाई, माळकऱ्याच्या पोटात कुठले जंत? ते खाणाऱ्यायच्या पोटात असतात."

आपण दोघीही हसलो. माणूसच तसा आहे ना गोड. दर बहाराला टोपली घेऊन स्वतः माझ्या दारात यायचा, चहा पिऊन जायचा. त्याच्यावर रागवायचं कसं, हे मला अजूनही जमत नाही.

पल्लवी मोठी झाली, लग्नाला आली, आणि तुला पहिली फीट आली ती संत्र्याच्या तोड्यात. क्रेट भरता भरता तू ताठ झालीस, डोळे फिरवलेस, तोंडातून फेस. मजुरांनी चप्पल हुंगवली, सासूबाईंनी लिंबू उतरवून टाकलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी भाऊजींना म्हटलं, लिंबं पुरे झाली, आता नागपूर. तू हट्ट धरलास म्हणून मीही बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली आणि तुझ्या मेंदूतले बारके ठिपके दाखवले. डुकराच्या मांसातला पट्टकृमी, त्याची अंडी, म्हणाल्या. भाऊजींचं तोंड पडलं. मी म्हटलं, मॅडम, ही बाई अंडंसुद्धा खात नाही. त्या म्हणाल्या, "शाकाहारी माणसाला होतो की. नीट न शिजलेलं मांस खाल्लं तर किडा पोटात वाढतो, फितीसारखा लांब. त्या माणसाला फारसा त्रासही होत नाही. पण त्याच्या शौचातून अंडी पडतात. ती हाताने, पाण्याने, कच्च्या भाजीने दुसऱ्याच्या पोटात गेली, तर डोक्यात जाऊन बसतात." मग त्यांनी दोनदा बजावलं. फीटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्यायची, कारण असा माणूस घरातच असू शकतो. त्याला औषधाचा एक डोस पुरतो.

मला तुझा मुळाच आठवला. नाल्याच्या पाण्यावरची भाजी, न धुता खाल्लेली. मी परतीच्या वाटेवर तुला त्यावरून बोलत राहिले. तू खिडकीबाहेर बघत होतीस. भाऊजी जमिनीकडे.

ही सगळी गोष्ट सासूबाईंपर्यंत पोचेपर्यंत तिच्यातलं डुक्कर तेवढं शिल्लक राहिलं. त्यांनी भर अंगणात मला विचारलं, "काय चारलं व तू माह्या सुनेले?" तू तिथेच तूर पाखडत बसली होतीस. सूप थांबलं नाही, विमल. मी वाट बघितली. मी घरी आले आणि ठरवलं, संपलं आता, हिचं तोंड बघायचं नाही.

ते ठरवणं किती टिकलं? परीक्षेच्या दिवसांत तू शाळेत आलीस. पोरं घरी गेली होती. तू पहिलीच्या बुटक्या बाकावर बसलीस, गुडघे छातीशी आले तुझे, आणि सांगून टाकलंस.

"शोभे, मी आमच्या ह्यायचे कपडे धुवून राहिली होती. चड्डीवर दुधीच्या बियावानी चपटं पांढरं काहीतरी दिसलं. मले वाटलं भाताचं शीत असन. तं ते हालून राहिलं होतं."

"कधीची गोष्ट?"

"फीट यायच्या लय आधीची. मंग अजून दोनदा दिसलं. नागपूरले त्या बाईनं फितीवानी म्हटलं अन् मले समजलं."

पांढुर्ण्याच्या बाजारात माल विकला की व्यापारी भाऊजींना हायवेवरच्या ढाब्यावर न्यायचे, हे तुला ठाऊक होतं. एकदा धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात तुला माळ सापडली होती. गळ्यातली माळ काढून खिशात ठेवायची, जेवायचं, घरी येताना परत घालायची. तू ती माळ धुवून देव्हाऱ्याजवळ ठेवलीस आणि त्याला विचारलंसुद्धा नाहीस.

मी म्हटलं, अगं मग आता तरी सांग! एक डोस, संपलं. तो त्याच हातांनी माठात गिलास बुडवतो, तेच पाणी पल्लवी पिते.

"कसं सांगू? गावोगावच्या भजनाले पुढं बसवते त्याले लोक. पल्लवीची सोयरीक मोहगावले चालू आहे, ते घर माळकऱ्याचं. बात फुटली तं पोरीचं काय? अन् हा मान वर करून चालणारा माणूस आहे. त्याची मान खाली गेलेली मले पाहवणार नाई."

"आणि माझी? माझी मान खाली गेली ते चालतं तुला?"

तू पदराने डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "तुह्यावर तं लोक आधीपासूनच बोलतेत. तुले आदत आहे."

हे वाक्य तुझ्या तोंडून यायला नको होतं. सासूबाई बोलल्या असत्या तर मी विसरले असते, त्यांचं वयच तसं आहे. पण आमच्या गंजीतून वाढून घेणाऱ्या बाईनेही मनात माझी सवय धरून ठेवली होती! विमल, बोलणी खायची सवय कुणाला होत नसते. लोक सवयीने बोलतात, ऐकणाऱ्याला दर वेळी नवंच लागतं. हे मला तुला सांगायचं होतं. तेवढ्यात तू माझा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवलास. "कोणालेच नको सांगू. तुले माह्या पल्लवीची आन आहे." मी हात काढून घेतला, पण तोवर आन घालून झाली होती.

मी शिकलेली बाई आहे. आनबिन मानत नाही, बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढले आहे. तरीही दुसऱ्या दिवशी पल्लवी समोरून आली आणि मी रस्ता बदलला. पोरीच्या जिवाशी कोण खेळणार? मी गप्प राहिले. भाऊजींना आडून सुचवायचा प्रयत्न केला, तपासणी झाली का म्हणून विचारलं. ते म्हणाले, होते ना, तोडा आटपला की जातोच. मग दुसरा तोडा आला.

त्यात तू गोळ्या सोडल्यास. झोप येते म्हणे, बागेत मजूर आहेत, झोपून कसं चालेल. हे तू मला सांगितलं नाहीस, मला नंतर कळलं. पाण्याच्या टाक्यावर हात धुवायला वाकलीस आणि तिथेच फीट आली. टाक्यात गुडघाभरही पाणी नव्हतं, विमल. मी येऊन बघितलं ते. तळाचं शेवाळ दिसत होतं. एवढ्याशा पाण्यात तुझ्यासारखी धिप्पाड बाई बुडते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

तुझ्यानंतर मला झोप लागेना. आन मोडली तर पल्लवीला काही होईल, ही एक भीती. आन पाळली तर पल्लवी त्याच माठाचं पाणी पिते, ही दुसरी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर तुझीच पोरगी. तू कसं गं मला असं कोंडून गेलीस? कुलूप लावलंस आणि किल्ली घेऊन सरणावर चढलीस. कधी वाटायचं, चौकात उभं राहून ओरडून सांगावं, म्हणजे निदान माझ्यावरचं बालंट जाईल. मग स्वतःचीच लाज वाटायची, की हिच्या मरणात मी माझी अब्रू शोधते आहे. कधी वाटायचं, माझ्या शाळेतली एखादी गोळी भाऊजींच्या चहात टाकावी. पण या किड्यासाठी ती गोळी नाही, आणि अशी चोरून द्यायचीही नाही, डॉक्टरनेच बघून द्यायला हवं. तेवढी अक्कल मला आहे.

परवा पल्लवी भाजीबाजारात भेटली. वाळली आहे. म्हणाली, "मावशी, आई गेल्यापासून माहं डोकं लय दुखून राहिलं."

रडून दुखत असेल. जागरणाने दुखत असेल. मी स्वतःला हे सांगत घरापर्यंत आले, पिशवी ठेवली आणि तशीच तुझ्या घरी गेले. तुझी आन माझ्या मागून येत होती, तिला म्हटलं, ये बाई, तूही ये.

पल्लवी अंगणात मेथी निवडत होती. सासूबाई खाटेवर होत्या. मी पल्लवीच्या समोर खाली बसले. "पल्लू, तुझ्या आईने मला तुझी आन घातली होती. ती मी आता मोडते आहे. तुझ्या बाबांच्या..."

"मले माहीत आहे, मावशी."

तिने मेथीची काडी खाली ठेवली.

"मीबी कपडे धुतेच ना. मी आईले दाखवलं तं तिनं मले तिच्याच जिवाची आन घातली. बोलली तं मी मरन, म्हणे." पल्लवीचा आवाज एकदम फाटला. "मी कोणालेच नाई सांगितलं, मावशी. मोहगाववाल्यायले नाई, आजीले नाई, तुमाले नाई. तरी आई मेलीच ना!"

तिला मी जवळ घेतलं. तू दोघींना वेगवेगळं बांधून ठेवलं होतंस आणि दोघी एकाच गल्लीत एकमेकींना तोंड चुकवत फिरत होतो. मला तुझा इतका राग आला, आणि इतकी आठवण आली, की दोन्हींत कुठलं काय ते मला कळेना.

पल्लवीने नाक पुसलं आणि ती उठली. दारात भाऊजी उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ती त्यांना म्हणाली, अगदी तुझ्यासारखी, कमरेवर हात ठेवून, "बाबा, उद्या नागपूरले चालू. तुमी, मी अन् आजी. तपासणी करून घेऊ, दवा घेऊ. आईले तुमच्याकडूनच लागलं, मावशीच्या घरचं खाऊन नाई. मोहगाववाल्यायले काय म्हणायचं ते म्हणू द्या." खाटेवर सासूबाई उठून बसल्या होत्या.

भाऊजी रागावले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं ते माळ दाखवतील. त्यांनी चौकटीला हात धरला आणि मला विचारलं, "विमलले माहीत होतं?"

"होतं, भाऊजी. आधीपासून."

ते हळूहळू उंबऱ्यावर बसले.

"तिले समजू नये," ते म्हणाले, "म्हणूनच तं मी तपासणी करून घेतली नाई."